बर्फ पडला का हे नको, टिकला का ते विचारा

दरवर्षी डिसेंबर संपता संपता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मनालीचा एक तरी व्हिडिओ येतोच. गाड्या घसरतायत, ड्रायव्हर दार उघडून बाहेर उडी मारतोय, मागे बायका किंचाळतायत, आणि खाली कुणीतरी लिहितं, "कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" मग हसऱ्या इमोजींची रांग. महिनाभराने बरोब्बर उलटं. कुणीतरी गुलमर्गहून आलेलं असतं, फोटोत तपकिरी गवत आणि कंटाळलेले घोडेवाले, आणि आता तेच लोक म्हणतात "संपला हिमालय, बर्फच नाही राहिला." अरे, एका आठवड्याच्या फोटोवरून काय ठरवताय? तेही दर महिन्याला वेगळं!

2024 चा डिसेंबर आठवतोय का? ख्रिसमसच्या आठवड्यात सोलांग ते अटल टनेल हजारएक गाड्या अडकल्या होत्या, दोन-तीन दिवसांनी परत जोरदार बर्फ पडला आणि सोलांगमधून हजारो टुरिस्ट बाहेर काढावे लागले. टीव्हीवर दिवसभर तेच. ज्याने हे पाहिलं त्याला वाटणारच की काय जबरदस्त हिवाळा आहे. पुढे काय झालं ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. जानेवारी जवळपास कोरडा गेला. गुलमर्गचे खेलो इंडिया विंटर गेम्स 22 फेब्रुवारीला होणार होते, ते बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले आणि मार्चमध्ये उरकले. अनंतनागजवळ अचबलचा झरा आहे, मुघल बागेतला, आजूबाजूच्या गावांना पाणी देणारा, तो फेब्रुवारीत आटला. मग फेब्रुवारीच्या अगदी शेवटी आभाळ फाटल्यासारखा बर्फ आला आणि उत्तराखंडात माणाजवळ हिमस्खलनात रस्त्याचं काम करणारे कामगार गेले. सगळा सीझन संपल्यावर काठमांडूच्या आयसीआयमॉड या हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हिशोब मांडला तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण पूर्ण हिंदुकुश-हिमालयात नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी, 23 वर्षांतलं सगळ्यात कमी, आणि कमी असण्याचं हे सलग तिसरं वर्ष.

म्हणजे ज्या हिवाळ्यात मनालीत गाड्या अडकल्या, तोच हिवाळा नीचांकी निघाला. माझं म्हणणं एवढंच आहे की बर्फ पडला का हा प्रश्नच अर्धवट आहे. कधी पडला आणि किती दिवस राहिला हे विचारा ना. डिसेंबर-जानेवारीत पडलेला कोरडा, भुसभुशीत बर्फ थंडीत थरावर थर बसत जातो आणि एप्रिल-मेपर्यंत हळूहळू वितळत झऱ्यांना, नद्यांना पाणी देतो. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पडलेला ओला असतो, वर ऊन तापायला लागलेलं असतं, दोन आठवड्यांत गायब. फोटोत दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

आता कुणी म्हणेल एक वर्ष एल निनो, एक वर्ष काहीतरी आणखी, तर ठीक आहे, एकेक वर्ष सोडून देऊ. चंदीगडची जी बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था होती (मुळात सैन्यासाठी, कारण सियाचीन-कारगिलला बर्फाचा अंदाज चुकला की माणसं मरतात), तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम हिमालयातल्या नोंदी तपासल्या, आणि 1988-89 ते 2007-08 एवढ्या काळात हिवाळ्यातला एकूण स्नोफॉल सुमारे 280 सेंटीमीटरने घटलेला निघाला. 280 सेंमी म्हणजे आपल्या घोडबंदरच्या नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची जमीन ते सीलिंग. एवढा थर, वीस वर्षांत. काराकोरममध्ये (सियाचीनकडची डोंगररांग) मात्र घट अगदी थोडी, कारण तिथे थंडी इतकी आहे की एखाद-दोन डिग्रीने काही बिघडत नाही.

बिघडतं ते मधल्या उंचीवर. वायव्य हिमालयाचं तापमान गेल्या शतकात साधारण 1.6 डिग्रीने वाढलं आणि त्यातही हिवाळा जास्त तापला. वर जाताना दर किलोमीटरला सहा-साडेसहा डिग्री उतरतात, तर ढोबळ हिशोबाने पावसाचा बर्फ होण्याची रेषा अडीचशे मीटर वर सरकली. शिमला 2200 मीटरवर, मनाली 2050 च्या आसपास, म्हणजे बरोब्बर काठावर बसलेली गावं. ढग तेच, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान करत येणारं वेस्टर्न डिस्टर्बन्स (हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी वादळी हवा) तेच, फक्त आधी जिथे बर्फ पडायचा तिथे आता पाऊस पडतो आणि वाहून जातो. त्यात या डिस्टर्बन्सचा सीझनही उन्हाळ्याकडे लांबत चाललाय.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. आल्प्सवरचा एक अभ्यास 2023 मध्ये आला होता, मला तो फार आवडला. इटलीच्या पदुआ विद्यापीठातल्या लोकांनी थर्मामीटर वगैरे सोडून ज्युनिपरची झुडपं बघितली. हे झुडूप जमिनीसरपट वाढतं, बर्फाखाली असेल तोवर त्याची वाढ बंद आणि बर्फ हटला की सुरू. म्हणजे खोडाचं एकेक वर्तुळ जाड की बारीक यावरून त्या वर्षी बर्फ किती दिवस होता ते कळतं! काही झुडपं 400 वर्षांची, मेलेली जुनी खोडं धरून 600 वर्षांचा हिशोब लागला, आणि आताचा बर्फाचा काळ जुन्या सरासरीपेक्षा 36 दिवस कमी. झुडपाला फेसबुक नाही, ते कशाला खोटं बोलेल.

"पण ठाण्यात बसून आपल्याला काय त्याचं?" हे मला आमच्या घरातच विचारलं गेलंय. उगाच ओढूनताणून नातं जोडणार नाही. आपलं पाणी बारवी, भातसाचं, नवी मुंबईचं मोरबेचं, सगळं पावसाचं, हिमालयातला थेंबही त्यात नाही. आपल्या पोळीचा गहू बहुतेक मध्य प्रदेशातला. पण सफरचंद? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाशीच्या फळ मार्केटला एक चक्कर मारा. काश्मीरचा माल लाकडी पेटीत भाताच्या पेंढ्यात, हिमाचलचा पुठ्ठ्याच्या खोक्यात. गाळ्यावरचा माणूस मला म्हणाला, "साहेब, वरचा माल घ्या, किन्नौरचा, खालचा आता तसा राहिला नाही." त्याने कुठला रिपोर्ट वाचलेला नसणार. रॉयल डेलिशससारख्या झाडाला हिवाळ्यात 7 डिग्रीच्या खाली हजार-बाराशे तास लागतात, नाहीतर फुलोरा धड येत नाही. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने (पुढे सत्यानंद झाले, आपल्या स्वातंत्र्यलढ्यात जेलमध्येही गेले) 1916 च्या सुमारास शिमल्याकडच्या कोटगढला ही झाडं लावली आणि अख्ख्या पट्ट्याचं नशीब पालटलं. आता त्या बागा वर सरकतायत, लाहौल-स्पितीकडे, जिथे पूर्वी बटाटा आणि वाटाणा होता. वर सरकायलाही काही मर्यादा आहे की नाही, डोंगर संपतो कुठेतरी.

अजून एक फॉरवर्ड फिरतो, हिमालयात बर्फ कमी म्हणजे यंदा आपल्याकडे पाऊस कमी. हे तर चक्क उलटं आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड, त्यांनी 1884 मध्येच मांडलं होतं की हिमालयात बर्फ जास्त तर पुढचा मान्सून कमजोर, कारण जमीन उशिरा तापते. 2025 च्या एप्रिलमध्ये हवामान खात्यानेही युरेशियातला बर्फ कमी हे मान्सूनला पोषक असं सांगितलं होतं, आणि पाऊस सरासरीच्या 108 टक्के झाला. बर्फ एकटा मान्सून ठरवत नाही हे खरं, पण निदान उलटी भीती तरी पसरवू नका.

माझा खरा राग टूरवाल्यांवर आहे. "स्नो गॅरंटी" लिहून पॅकेज विकतात, मग शिमल्यात नाही तर कुफ्री, कुफ्रीत नाही तर नारकंडा, तिथेही नाही तर टनेल ओलांडून सिस्सू, जिथे छोट्या गावात अर्धी मुंबई भाड्याचे गमबूट घालून चिखल तुडवतेय. आणि आपणही कमी नाही हं, ओळखीतल्या एका गृहस्थांनी बर्फ दिसला नाही म्हणून पैसे परत मागितले होते, तेही पूर्ण! तिथे लोकांचे झरे आटतायत आणि आपलं पैसे वसूल झाले नाहीत म्हणून भांडण.

या सीझनला कुणी हिमाचल-काश्मीरला चाललं असेल आणि होमस्टेत राहणार असेल तर मालकाच्या आईवडिलांना एक विचारा. पूर्वी छपरावरचा बर्फ हिवाळ्यात कितीदा फावड्याने ढकलावा लागायचा आणि आता कितीदा. गावाचं नाव आणि अंदाजे उंची टाकून इथे लिहा, मला खरंच हवंय.