फर्ग्युसन टीईए-२० ट्रॅक्टरच्या कॅम टायमिंगच्या तक्रारीवर वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार दादा,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की कॅम टायमिंगची (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा पिस्टनशी जुळवून बसवण्याची) पूर्ण दिवसाची मजुरी लावली. गावातले मिस्त्री म्हणतात, दोन खुणा समोरासमोर आणल्या की दहा मिनिटांत काम होतं. शिवाय आता कार्ब्युरेटरमधून फटके (उलटे स्फोट) येतायत. दोन्हींचं उत्तर इथेच देतो, हे इंजिन उघडणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल.

मिस्त्रींचं म्हणणं जुनेच पार्ट परत बसवताना बरोबर आहे. कॅमच्या टोकावरचा पंचचा ठिपका आणि स्प्रॉकेटवरच्या (चेनच्या दातेरी चाकावरच्या) रेघा त्या एका जोडीपुरत्या असतात. तुमचा कॅम आणि स्प्रॉकेट दोन्ही झिजलेले होते, नवे घातले. त्यांच्यावर भरवशाची खूण नसते. कॅमच्या स्प्रॉकेटला चार भोकं सारख्या अंतरावर असतात, पण दाताच्या मध्यापासून जरा सरकलेली. ९० अंश फिरवून बसवलं तर अर्ध्या दाताचा फरक पडतो, उलटं करून बसवलं तर पाव दाताचा, उलटं करून ९० अंश फिरवलं तर पाऊण दाताचा.  अर्धा दात चुकला तरी इंजिन चालू होतं, पण नांगराला लावल्यावर ओढत नाही.

खरा वेळ टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो तो बिंदू, शोधण्यात जातो. पिस्टन वरच्या टोकाला काही अंश जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे नजरेने तो बिंदू सापडत नाही. डायल गेज पिस्टनवर टेकवायचा, टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे रीडिंग सारखं येईल तिथे फ्लायव्हीलवर दोन खुणा करायच्या. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. यात धोका असा की लायनर (पिस्टन ज्यात चालतो त्या नळ्या) ओले आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. हेड नसताना क्रँक (पिस्टन वर-खाली नेणारा मुख्य दांडा) फिरवला की लायनर उचलतात, बुडाचं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पॅकिंग सुटतं आणि पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून लायनर आधी क्लँपने दाबून धरावेच लागतात. ही पायरी आम्ही कुणासाठीही गाळत नाही.

मग हेड आवळून ४ नंबर सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हना, म्हणजे रेडिएटरकडून मोजून ७ आणि ८ ला, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यात सारखीच ४० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) फट देतो. १ आणि ४ चे पिस्टन टीडीसीला. चेन न घालता कॅम हळूहळू फिरवायचा. एक व्हॉल्व्ह मिटतोय, दुसरा उघडू पाहतोय आणि दोन्ही रॉकर सारखेच, तिथे थांबायचं. आता कॅम न हलवता ज्या स्थितीत भोकं जुळतात तीच स्प्रॉकेटची जागा. चेनची ओढीची बाजू ताठ हवी. शेवटी क्रँक चालण्याच्याच दिशेने दोन फेरे फिरवून पुन्हा तपासायचं, मगच लॉक प्लेटचे कान वळवायचे.

फटक्यांबद्दल: ट्रॅक्टर नेल्यावर डिस्ट्रिब्युटर काढून पॉइंट साफ केले, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. आधी तिथेच बघा. वायरींचा क्रम १-३-४-२ हवा, आणि १ नंबर कॉम्प्रेशनवर टीडीसीला असताना रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) त्याच्याच वायरीकडे हवा. तरी फटके राहिले तर इनटेक व्हॉल्व्हची फट आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा.

कॅमची शंका असेल तर पुढचं कव्हर उघडू नका. रॉकर कव्हर काढा, १ नंबर कॉम्प्रेशनवर घेऊन फ्लायव्हीलवरची आमची मधली खूण जुळवा. ७ आणि ८ ची फट ४० थाऊ करायची ती त्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असताना, म्हणजे क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून. मग आणखी एक फेरा फिरवून खुणेवर परत या. फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) दोन्हीकडे सारखाच लागला पाहिजे. फट उरलीच नाही, तर दोन्हींची सारखीच वाढवून पुन्हा बघा. झाल्यावर फट नेहमीच्या मापावर आणायला विसरू नका.

फीलर सारखा लागला नाही, तर ट्रॅक्टर इथे आणायचं भाडं आमचं आणि काम फुकट. मजुरी मात्र कमी होणार नाही.