‘गड आमच्या ताब्यात द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा भाच्याने एक मेसेज पाठवला. तो मला त्याआधीच ट्रेकिंगच्या दोन ग्रुपवर आणि एकदा सोसायटीच्या ग्रुपवर भेटून गेला होता. मजकूर थोडक्यात असा: ‘पुरातत्त्व खातं इंग्रजांनी आपला इतिहास गाडायला काढलं. महाराष्ट्रातले सगळे गड त्यांच्या ताब्यात. इतक्या वर्षांत एक दगड बसवला नाही, आणि आपली पोरं बसवायला गेली की गुन्हा दाखल. तिकिटाचे पैसे मात्र बरोबर घेतात. गड मावळ्यांच्या ताब्यात द्या, दोन वर्षांत रायगड होता तसा उभा करून दाखवतो.’ खाली भगवे झेंडे, दोन तलवारी आणि ‘खरा मराठी असशील तर पुढे पाठव’.

मी पुढे पाठवला नाही. ढासळलेला बुरूज बघून पोटात कालवतं ते माझ्याही, त्यामुळे रागाबद्दल तक्रार नाही. पण या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन उभं करतं. म्हणून एकेक घेतो.

इतिहास गाडायला काढलेलं खातं. १८१८च्या मे महिन्यात रायगडावर तोफा डागून वाडे जाळले ते कंपनीच्या फौजेने. पुन्हा कुणी गड धरून बसू नये म्हणून नंतर ठिकठिकाणच्या वाटा आणि तट पाडले तेही तिनेच. पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झालं १८६१ला, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. कनिंगहॅम हा त्याचा पहिला प्रमुख. त्याला वेड होतं चिनी यात्रेकरूंच्या प्रवासवर्णनांवरून बौद्ध स्थळं हुडकण्याचं. पाचएक वर्षांत खुद्द इंग्रज सरकारनेच ते काम बंद केलं आणि १८७१ला पुन्हा चालू केलं. इतिहास गाडण्याचा एवढा मोठा कट असता तर तो पैशांसाठी असा लटकला नसता.

आणि गाडलं म्हणावं तर याच खात्यातल्या दयाराम साहनींनी हडप्पा आणि राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडो खणून काढलं आणि या देशाचा इतिहास दोन-अडीच हजार वर्षांनी मागे नेला. दोघंही खात्याचे पगारी नोकर.

एवढं मात्र कबूल, की त्या काळात मराठ्यांच्या गडांकडे सरकारचं लक्ष नव्हतं. रायगडावरच्या समाधीची दुर्दशा पाहून १८९५ला टिळकांना वर्गणी गोळा करायला उतरावं लागलं. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

सगळे गड त्यांच्या ताब्यात. नाहीत. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर किल्ले धरले जातात. त्यांतले केंद्र संरक्षित, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडचे, ४७. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे ६२. हे वेगळं खातं आहे, कायदाही वेगळा, १९६०चा. उरलेले सगळे वनखात्याच्या, महसुलाच्या किंवा खासगी मालकीच्या जमिनीवर उभे आहेत आणि संरक्षित यादीत नाहीत. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या बारा किल्ल्यांचंच बघा. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी केंद्राकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याकडे. राजगडाचा तट ढासळला म्हणून दिल्लीच्या नावाने शंख करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बरं, सर्वांत जास्त पडझड आहे ती कुणाच्याच यादीत नसलेल्या गडांची. त्यांच्याबद्दल मेसेजात एक अक्षर नाही.

आता मुख्य मुद्दा: दोन वर्षांत होता तसा उभा करतो.

इथे मला माझंच एक पाप सांगावं लागेल. पंचविशीत आम्ही सातआठ जण एका गडावर दर रविवारी जायचो. नाव सांगत नाही, कुणाच्या यादीत नसलेला साधा टेहळणीचा गड. दरवाजाशेजारच्या तटाचे सांधे उघडे पडले होते. आम्ही वर्गणी काढून सिमेंटच्या गोण्या पाठीवरून वर नेल्या, टाक्यातलं पाणी काढलं आणि दोन रविवारांत वीसेक फूट तटाचे सगळे सांधे भरले. रेघा मारून, अगदी नव्या बंगल्याच्या कंपाउंडसारखे. फोटो काढले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तर तटाला पोट आलं होतं. पाचव्या पावसाळ्यात तो तुकडा खाली दरीत. आजूबाजूचा, आम्ही हात न लावलेला, उघड्या सांध्यांचा तट अजून उभा आहे.

असं का झालं ते मला पुढे एका जुन्या गवंड्याने समजावलं. गडाचा तट म्हणजे एकसंध भिंत नसते. बाहेर घडीव दगडाचा थर, आत दुसरा थर, आणि मधे दगडगोटे, माती, चुना यांची भर. सह्याद्रीतला पाऊस या भिंतीत शिरतोच, तो कुणालाच थांबवता येत नाही. जुन्या कारागिराने थांबवायचा प्रयत्नही केला नव्हता. चुना पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो, भिंत श्वास घेत राहते. सिमेंट सांध्याचं तोंड शिवून टाकतं. पाणी वरून शिरतं, पुढून निघायला वाट नाही, मधली माती फुगते आणि बाहेरचा थर ढकलते. दगड काळ्या बेसॉल्टचा असला तरी ढकलला की पडतोच.

मग चुनाच का नाही वापरायचा? वापरायचाच. पण चुना दोन रविवारांत होत नाही. चुनखडी भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, मग मुरत ठेवायचा. मुरलेला चुना वाळू आणि विटांच्या चुऱ्याबरोबर घाणीत दळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी असं काय काय पडतं, आणि प्रमाण जागेनुसार बदलतं. आधी त्या गडावरचा जुना चुना तपासायचा, त्यात काय होतं ते बघायचं आणि त्याच्या जवळ जाणारं मिश्रण बनवायचं. भिंतीत घातल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश दगड होतो, आणि तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. गडावर एप्रिल-मेमध्ये प्यायला पाणी नसतं तिथे भिंतीला पाजायला कुठून आणायचं? जून ते सप्टेंबर काम बंद. म्हणजे वर्षाचे धड सहा-सात महिने हातात, सामान वर न्यायला गाढवं किंवा माणसं, आणि घाणी फिरवणारे, चुन्याचा हात असलेले गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके.

खात्याचा उशीर दोन जातींचा आहे. एक उशीर फायलीचा, त्याला शिव्या द्याच. दुसरा उशीर चुन्याचा, तो कामाचाच भाग आहे. मेसेज लिहिणाऱ्याला हे दोन वेगळे दिसत नाहीत, आणि तो ‘दोन वर्षांत’ म्हणतो तेव्हा पहिला उशीर कमी होत नाही, दुसराच काढून टाकला जातो. उरतं ते सिमेंट.

‘होता तसा’ हेही जरा तपासू. रायगडावरच्या वाड्यांची आज जोती आहेत. वरचा लाकडी भाग जळून गेला. राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रजांच्या वकिलाने, हेन्री ऑक्झिंडेनने, दरबाराचं वर्णन लिहून ठेवलंय, पण वर्णनावरून छपराचा उतार, खांबांची नक्षी, मजल्यांची उंची कळत नाही. मग वाडा उभा करायचा तो कशाच्या आधाराने? मालिकेच्या सेटच्या? उद्याची मुलं तोच महाराजांचा वाडा समजतील आणि खरं जोतं त्याच्या फरशीखाली कायमचं जाईल. खात्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन मार्शल याने १९२३च्या नियमावलीत खात्याला घालून दिलेला दंडक हाच, की आहे ते टिकवा, नसलेलं कल्पनेने बांधू नका. साहेबाचा म्हणून तो टाकून द्यायचा असेल तर रायगडाच्या जोत्यांवर उभं राहून टाकून दाखवावा.

खातं काहीच उभं करत नाही असंही नाही. चंबळच्या खोऱ्यात, मोरेना जिल्ह्यात, बटेश्वरला सुमारे दोनशे लहान देवळांचा नुसता ढिगारा होता. २००५पासून खात्याचे अधिकारी के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीत त्यातली कितीतरी देवळं पुन्हा उभी राहिली, त्यांच्याच दगडांतून. कुठला दगड कुठल्या देवळाचा हे शोधत, कोडं जुळवावं तसं. दगड जागेवर पडलेले होते म्हणून ते जमलं. कुणी हौसेने ते उचलून बाजूला रचले असते, किंवा गावच्या बांधाला लावले असते, तर कोडं सुटलं नसतं.

चांगल्या हेतूने केलेल्या घाईचं आपल्याच घरचं उदाहरण अजिंठ्याचं. १९२० ते २२च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून त्या काळचे नामांकित तज्ज्ञ बोलावले. त्यांनी खपल्या धरलेली चित्रं चिकटवली, हे मोठं काम. मग वरून लाखेचा वॉर्निश दिला. चित्रं झळाळली, सगळे खूश. पुढे तो थर पिवळा पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली. तो उतरवण्यात खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षंच्या वर्षं गेली, बोटभर जागा, मग पुढची बोटभर. ते तर तज्ज्ञ होते. आम्ही सातआठ पोरं होतो.

दगड हलवला की गुन्हा. संरक्षित स्मारकाला नुकसान केलं तर १९५८च्या कायद्याखाली, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा भिंतींवर प्रेमाचे बदाम कोरणाऱ्यांसाठीही आहे, आणि त्यांच्यावर तो पुरेसा वापरला जात नाही ही माझी खरी तक्रार. पण मातीला हात का लावू देत नाहीत याचं उत्तर २०२५मध्ये रायगडावरच मिळालं. उत्खननात तिथे यंत्रराज निघाला. ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायचं धातूचं यंत्र. कुठल्या जोत्याजवळ आणि कुठल्या थरात मिळाला, यावरून तो कुणाच्या काळचा आणि कशासाठी हे ठरवता येतं. तीच माती श्रमदानात फावड्याने पाटीत भरून कड्यावरून लोटली असती तर? एक तर यंत्र गेलंच असतं, नाहीतर कुणाच्या तरी घरी शोकेसमध्ये बसलं असतं. श्रमदान बंद नाही. रीतसर परवानगी घेऊन, खात्याचा माणूस बरोबर घेऊन कितीतरी संस्था गवत काढतात, प्लास्टिक उतरवतात, टाकी साफ करतात.

तिकिटाचे पैसे. रायगडाचं तिकीट २५ रुपये. ते गडावर खर्च होत नाहीत हे खरं, पण कुणी खात नाही. ते केंद्राच्या संचित निधीत जमा होतात आणि खात्याला मिळतं ते अंदाजपत्रकातून. देशातल्या साडेतीन हजारांवर केंद्र संरक्षित स्मारकांपैकी तिकीट आहे ते दीडशेलाही पोचत नाही. तिकिटातला ठरलेला वाटा त्याच गडावर लागावा अशी मागणी कुणी करत असेल तर माझी सही घ्या.

मेसेजाला जिथे खरी धार यायला हवी होती ती जागा त्याने मोकळीच सोडली. डिसेंबर २०२२मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. खात्याने तिथे सांगितलं, की ३,६९३ पैकी ५० संरक्षित स्मारकं नाहीशी झालीत. १४ शहरांच्या वाढीत, १२ धरणांच्या पाण्यात, आणि २४ सापडतच नाहीत. सात हजार रखवालदार लागतात तिथे होते २,५७८, तेही २४८ ठिकाणी. म्हणजे बाकीच्या स्मारकांना रखवालीच नाही. खात्यानेही पूर्वी सिमेंट वापरलं आणि आता ते खरवडून काढत बसावं लागतं. पन्हाळ्यासारख्या राहत्या गडावर स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरमधल्या बांधकामबंदीमुळे आणि पुढच्या दोनशे मीटरमधल्या परवानग्यांमुळे माणसांना साधी खोली वाढवणं अवघड होतं, हीही रास्त कुरकुर आहे. यांतल्या एकाही प्रश्नावर ‘गड आम्हाला द्या’ हे उत्तर नाही. रखवालदार भरा, चुन्याचे गवंडी तयार करा आणि त्यांना बारमाही रोज द्या, यादीत नसलेले गड यादीत घ्या, हे उत्तर आहे. पण त्याला तलवारीची इमोजी शोभत नाही.

हे सगळं मी भाच्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “मामा, मग आम्ही टाकं साफ करायचं की नाही?” मी म्हटलं, कर की. आधी गड कुणाच्या यादीत आहे ते बघ. केंद्राचा असेल तर खात्याच्या मंडळ कार्यालयाला लिही, राज्याचा असेल तर राज्याच्या. कधी जाणार, किती जण, गाळ कुठे टाकणार हे लिही. तटातला पिंपळ उपटू नकोस, मुळांबरोबर दगड येतात, नुसता कळव. अर्जाचा मसुदाही करून दिला.

तो त्याने अजून उघडलेला नाही. मेसेज मात्र काल आणखी दोन ग्रुपवर दिसला.