समेवर मरा, मामा!

मरणावर स्वतः गाणं लिहून रेकॉर्ड करायचं मी ठरवलं, तेही पंचवटीत राहून. रामकुंडावर रोज गावोगावचे लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रियेला बसतात. विषय दाराशीच आहे, तर गाणं आपोआप होईल असा हिशेब होता. पण इथे मरणाचं कुणाला कौतुकच नाही. मी मरणावर काहीतरी करतोय म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याने विचारलं, "तेराव्याचं सामान कधी लागेल?"

शब्दांपासूनच अडलं. मरणाला सरण, शरण, चरण, स्मरण ही यमकं आधीच्या कवींनी वापरून गुळगुळीत केलेली. कोरं राहिलं होतं ते वरण. तिसऱ्या कडव्यात ते घेतलंच.

"तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये रे," आई म्हणाली.

"बोलत नाहीये आई, गातोय."

"मग तर मुळीच नको."

चाल भैरवीत लावली. मैफल भैरवीने संपते, तर माणसानेही तिच्यातच संपावं. रे, ग, ध, नी चारही कोमल. माझ्या गळ्यातून निघाले की ते कोमलही नसतात आणि शुद्धही. ताल दादरा, मात्रा सहाच, पण त्या सहांतही मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आधीच पोहोचायचो. भाच्याने हेडफोनमध्ये मात्रा मोजणारा क्लिक लावून दिला आणि वर ऐकवलं, "मामा, मरायची एवढी घाई का? समेवर मरा!"

रेकॉर्डिंग कपाटात. साड्या आवाज शोषतात म्हणे. बायकोने पैठणी तेवढी आधी बाहेर काढली. कंडेन्सर माइक चौकस शेजाऱ्यासारखा, त्याला सगळं ऐकू येतं, म्हणून पंखा बंद. मे महिना, डांबराच्या गोळ्यांचा वास. 'प्राण कंठाशी आले' ही ओळ मी अभिनय न करता गायलो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुढच्या टेकला भंगारवाल्याचा भोंगा. तो गल्लीतून जाईपर्यंत मी आत उकडत उभा. (स्टुडिओला पैसे लागतात, हे सांगायचं राहिलं.)

मग एक टेक अखेर सुरात लागला. शेवटचा 'निघालो' मी लांबवला, बरोबर समेवर आलो, आणि खिडकीतून कावळा ओरडला. ठणठणीत, माझ्यापेक्षा सुरात. भाचा म्हणाला, काढून टाकता येईल. बायको म्हणाली, "अहो, तोच ठेवा, बाकीचं काढा."

आई स्वयंपाकघरातून आली. "कावळा शिवला ना? मग आता कसली इच्छा राहिली? ऊठ, पानं वाढलीत."


वरणच होतं.