‘बोलेल हो, घाई कशाला?’

‘मुलगे उशिराच बोलतात. याचे बाबासुद्धा तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हते.’ कर्णबधिर मुलांना शिकवताना हे वाक्य इतक्या आयांकडून ऐकलंय, की आता पोटात गोळाच येतो. आयांना दोष कसा देणार? आजी, शेजारी, कधी डॉक्टरही त्यांना हेच सांगून घरी पाठवतात. आणि नेमकी तीच वर्षं हातची जातात.

अमेरिकेत संशोधक अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की जन्मतः बहिऱ्या मुलाला साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (आवाज थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवणारं, शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) बसवलं तर मेंदू आवाजाला बहुतेक वेळा वयानुसार प्रतिसाद देऊ लागतो. सात वर्षांनंतर बसवलं तर बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही. यंत्र तेच असतं, पण मेंदू तोवर वाट बघत थांबलेला नसतो.

आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी आली. तहान लागली की आईचा पदर ओढत माठापाशी न्यायची. पण ‘बाबा कामावर गेलेत, संध्याकाळी येतील’ हे तिला सांगायला घरात कुणाकडेच भाषा नव्हती. रोज सकाळी दार लागलं की ती जमिनीवर लोळण घ्यायची. घरचे म्हणायचे, फार हट्टी आहे! ‘बाबा’, ‘काम’, ‘संध्याकाळ’ या खुणा ती आणि आई दोघी शिकल्या, तसं ते रडणं ओसरलं.

म्हणूनच ‘खुणा शिकवू नका, मूल बोलायचं नाही’ या सल्ल्याची मला चीड येते. भाषेच्या अभ्यासक रेचल मेबेरी यांच्या अभ्यासात जन्मतः बहिरे असून खुणांची भाषा उशिरा शिकलेले लोक त्या भाषेत मागे पडले. आधी ऐकून बोलायला शिकलेले, नंतर बहिरे होऊन त्याच वयात खुणा शिकलेले लोक मात्र बरेच पुढे होते. पहिली भाषा वेळेत मिळायला हवी, मग ती कानाने मिळो की हातांनी.

ताट वाजवल्यावर बाळ दचकलं म्हणजे त्याला बोलणं ऐकू येतं, असं समजू नका. झोपलेल्या बाळाची ओएई चाचणी, म्हणजे कानात बारीक आवाज सोडून आतला कान प्रतिसाद देतो का हे पाहणारी तपासणी, काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात ती करायची, शंका आली तर बेरा (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी चाचणी) करून तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू. सरकारच्या ज्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे, तो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तरी कितीतरी प्रसूतिगृहांत ही चाचणी आपणहून करत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर लसींसारखाच तिचाही रकाना हवा, सक्तीने. तोवर घरात, नात्यात बाळ झालं की बारशाआधी विचारा, ओएई झाली का?