‘आपल्याकडं पाऊसच नाही, खत वाहून जाणार कुठं?’ या मेसेजला उत्तर

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या भागातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की विहिरीतल्या नायट्रेटची, म्हणजे खतातल्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) पाण्यात विरघळणाऱ्या रूपाची, ओरड शेतकऱ्याला बदनाम करण्यासाठी आहे. मराठवाड्यात पाऊस कमी, त्यामुळं खत वाहून जात नाही. काळी जमीन खत धरून ठेवते. शेणखत, कोंबडीखत नैसर्गिक, ते कितीही टाका. आणि युरिया पावसाच्या तोंडावर फेका, पाऊसच तो मुळाशी नेतो. पाठवणारे माझेच भाऊबंद आहेत. जमिनीला शेणखत हवंच, हा त्यांचा आग्रह मलाही मान्य आहे. बाकीचं मात्र चूक आहे आणि ती चूक आपल्याच विहिरीत उतरते.

आधी ‘ओरड’ बघू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा प्रश्न सर्वात गंभीर असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत बीड आणि नांदेड आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्या देशाची मर्यादा आहे. तान्ह्या बाळाला वरचं दूध त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते आणि अंग निळं पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. सगळं नायट्रेट शेतातूनच येतं असं मी म्हणत नाही. शोषखड्डे, गटारं, विहिरीच्या काठचा उकिरडा, हेही कारण आहेत. पण गावापासून लांब, रानातल्या विहिरीला गटाराचा दोष कसा लावायचा?

आता पावसाचं. आपला पाऊस वर्षभराच्या बेरजेत कमी आहे, पण तो पडतो कसा हे आपण सगळे जाणतो. तीन आठवडे कोरडे जातात आणि मग एका रात्रीत नाले भरून वाहतात. खत धुऊन जायला वर्षाची सरासरी लागत नाही, तशी एक रात्र पुरते. त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला की वरचं पाणी मातीतून गाळत जात नाही, भेगांतून सरळ खाली मुरमात उतरतं आणि वर पसरलेलं खत सोबत नेतं. पुढं जमीन फुगते, भेगा मिटतात, मग पाणी आत शिरायलाच तयार नसतं. ते उताराने नाल्याकडं धावतं. म्हणजे सुरुवातीला खाली आणि नंतर बाजूला, खताला दोन्ही वाटा मोकळ्या. खाली आपला काळा खडक आहे. तो पाणी धरतो ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. साठा थोडा, त्यामुळं आलेलं नायट्रेट पातळ व्हायला पाणीही थोडंच. बोअर खोल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये घातलेला पाइप, वरच्या थरापुरतं असतं, पुढचं पाणी त्याच फटींतून येतं.

दुष्काळात तर हिशेब आणखी बिघडतो. पीक करपलं की त्याने न उचललेलं नत्र रानातच पडून राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात निघतं. पाऊस कमी म्हणून धोका कमी, हे गणित उलटं आहे.

काळी जमीन खत धरते, हे अर्धं खरं आहे. अमोनियाच्या रूपातलं नत्र ती धरते. पण ते नत्र काही आठवड्यांत नायट्रेट होतं आणि नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्याबरोबर चालू लागतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र ती घट्ट धरते. म्हणून ते विहिरीत फारसं जात नाही, मातीसोबत जातं. बांध फुटून जो गाळ तलावात जातो, त्याच्याबरोबर आपण पैसे देऊन घेतलेलं स्फुरदही जातं. साठलेल्या पाण्यावर हिरवा तवंग येतो तो बहुतेकदा त्याच्याच जोरावर.

कोंबडीखतावर मी जरा जास्त बोलणार, कारण अलीकडं ट्रकच्या ट्रक येतात आणि कुणी मोजत नाही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. चांगल्या कोंबडीखतात ३ टक्क्यांच्या आसपास, स्फुरद अडीच टक्के. एकरी २ टन कोंबडीखत टाकलं तर नत्र ६० किलो आणि स्फुरद ५० किलो झालं. कोरडवाहू बीटी कापसाची शिफारस हेक्टरी १२०:६०:६० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद. कोंबडीखतातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी सुटत नाही, पण निम्म्याहून जास्त सुटतं. स्फुरद तर गरजेच्या दुप्पट झालेलं असतं. त्यावर नेहमीचं डीएपी आणि युरिया पडतोच, कारण खताचं पोतं मोजायचं आणि शेणाची गाडी मोजायची नाही, ही आपली जुनी सवय आहे. सोयाबीनला एकरी १२ किलो नत्र पुरतं. डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो येतं. वरून युरियाचं पोतं ओतलं की मुळांवरच्या गाठी कमी होतात आणि उरलेलं नत्र पाण्याच्या वाटेला लागतं. नैसर्गिक असो की कारखान्यातलं, पिकाला नको असलेलं नत्र शेवटी नायट्रेटच होतं.

राहिला पावसाच्या तोंडावरचा युरिया. हलकी सर आली तर तो खरंच मुरतो. पण ढगफुटीसारखा पाऊस आला तर विरघळलेला युरिया पाण्याबरोबर निघून जातो, दाण्यावर निंबोळी तेलाचा थर असला तरी. पाऊस आलाच नाही तर ओलसर, चुनखडीच्या रानावर त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. म्हणून वाफसा (ना चिखल ना कोरडं, अशी बेताची ओल) बघा, ओळीच्या कडेला द्या आणि कोळप्याने झाका. कापसाला पेरणीवेळी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे हप्ते पाडा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. शेणखताचे ढीग उन्हात महिनाभर ठेवू नका, पसरलं त्याच दिवशी वखराने मिसळा. विहिरीच्या आणि नाल्याच्या कडेचा पट्टा खताशिवाय ठेवून तिथं गवत वाढू द्या.

आणि खत ठरवण्याआधी मातीसोबत विहिरीचं पाणीही तपासा. एकरभर रानाला पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. त्या पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर एका पाळीत साधारण ४ किलो नत्र रानात पडतं. गव्हाला पाच पाळ्या दिल्या तर २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असतं २०.७ किलो. म्हणजे एकरी एक पोतं विहिरीनेच दिलेलं असतं. यंदा गव्हाची यादी करताना ते पोतं आधी वजा करा, मग दुकानात जा.