सीडीला टूथपेस्ट, केळीची साल आणि फ्रीजर

‘चरे पडलेली सॉफ्टवेअरची सीडी फेकू नका. चमकत्या बाजूला टूथपेस्ट लावून गोल गोल घासा, केळीच्या सालीने पुसा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, नव्यासारखी चालेल. ठेवताना चमकती बाजू वर ठेवा. एवढं करूनही चालली नाही तर सीडी मेली समजा.’ हा मेसेज आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवरही येतो.

आता सीडी वापरतं कोण, असं वाटत असेल तर एखाद्या लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा. जुने मराठी फाँट, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, वजनकाट्याचा प्रोग्राम. कंपनी उरलेली नाही, डाउनलोड मिळत नाही, आणि ड्रॉवरमध्ये एकच सीडी. प्रयोग नेमके तिच्यावरच होतात.

टूथपेस्टची गोष्ट अर्धी खरी आहे. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट. लेसर खालून या प्लास्टिकमधून आरपार जाऊन वरच्या थरातली माहिती वाचतो. खालचा चरा उथळ असेल, तर पांढऱ्या पेस्टमधल्या बारीक कणांनी त्याच्या कडा घासल्या जातात आणि कधीकधी सीडी वाचली जाते. पण ‘गोल गोल’ हा सल्ला घात करणारा. माहिती मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते. गोल घासताना पडलेला नवा चरा त्या रेषेच्या बाजूने लांबवर जातो आणि सलग माहिती खातो. सीडीतली चूक-दुरुस्तीची सोय साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट भरून काढते, त्यापुढे हात टेकते. म्हणून पुसायचं असो की घासायचं, मध्यापासून कडेकडे सरळ.

‘माझी गाण्यांची सीडी तर चालली’ हे उत्तर येणारच. गाण्यात हरवलेला तुकडा प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरतो, कानाला कळतही नाही. सेटअपच्या फाइलमध्ये अंदाज चालत नाही. एक बाइट चुकला तरी इन्स्टॉलेशन मध्येच अडकू शकतं. म्हणून तर डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये (म्हणजे माहितीच्या एका ठरावीक तुकड्यात) माहिती २०४८ बाइटच असते. उरलेल्यातला बराच भाग जादा दुरुस्तीसाठी राखलेला असतो.

केळीची साल? रावेर-यावलकडे सालींना तोटा नाही, पण तिने चरा भरत नाही. वर चिकट थर बसतो, तो पुन्हा पुसावा लागतो. फ्रीजरने तर काहीच होत नाही. बाहेर काढल्यावर सीडीवर दव धरतं एवढंच.

सगळ्यात महाग पडणारा सल्ला ‘चमकती बाजू वर’ हा, कारण मग छापील बाजू खाली घासते. सीडीत माहितीचा थर छापील बाजूला असतो, त्यावर फक्त लॅकरचा पातळ लेप. तिथे खोल ओरखडा गेला की माहितीच खरवडली जाते. मग कुठलीही पेस्ट लावा. उजेडाकडे धरून पाहा, टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तर समजा थर गेला. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये असते, ती वरून जरा सुरक्षित. पण उलटं-सुलटं ठेवण्यापेक्षा डबीत उभी ठेवा. घरी राइट केलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन-उष्णता त्याची वैरी. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवणं म्हणजे स्वतःहून घालवणं.

आणि ‘मेली समजा’? आधी कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ सुती कापड वापरून पाहा, मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर दुसरा अनेकदा वाचतो. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम वाचता येईल तेवढं उचलून आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची एका फाइलमधली प्रत, बनवतो, राहिलेल्या जागांची नोंद ठेवतो, आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे नेता येतं. मधल्या भोकाजवळ तडा असेल तर मात्र ड्राइव्हमध्ये घालूच नका. ५२एक्सचा (मूळ वेगाच्या ५२ पटीपर्यंत वाचणारा) ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. तडकलेली सीडी आतच फुटू शकते आणि ड्राइव्हही जाऊ शकतो.

ही आयएसओ फाइल हाती आली की पेन ड्राइव्हवर एक आणि हार्ड डिस्कवर एक अशा दोन प्रती करा. डबीवर चिकटवलेल्या सीरियल नंबरचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाका, कारण तो प्रतीत उतरत नाही.