बहात्तर तास उकळलेलं किचन

मुलुंडला वडिलांनी १९८८ साली घेतलेलं वन रूम किचन आहे. आम्ही राहतो एक स्टेशन पुढे, ठाण्याला. जुने भाडेकरू सोडून गेले तेव्हा किल्ली घ्यायला गेलो आणि सहज म्हणून सिंकखालच्या कपाटाचं हँडल ओढलं. हँडल हातात आलं, हँडलच्या मागून दार आलं आणि दाराच्या मागून वाळवीचा संसार. आतल्या कडप्प्याच्या मांडण्या तेवढ्या वडिलांनी बसवल्या तशाच होत्या.

"किचन नवीन करावं लागणार," मी घरी जाहीर केलं. "पण भाड्याच्या घराला शोभेल असं. स्वस्तात."

अडचण फक्त पैशांची असती तर काही वाटलं नसतं. स्वतःच्या घराचं किचन करताना तिथे उभं कोण राहणार हे माहीत असतं. इथे ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या फोडणीची सोय करायची होती आणि आमच्या घरात तीन माणसांच्या डोळ्यांसमोर तीन भाडेकरू होते. बायकोच्या डोळ्यांसमोर आयटीतल्या दोन मुली, ज्या दूध तापवण्यापलीकडे गॅस पेटवत नाहीत; त्यांना ओटा फोटोत बरा दिसला की झालं. माझ्या डोळ्यांसमोर एक सज्जन गृहस्थ, जो तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवतो आणि एक तारखेला भाडं पाठवतो. आणि आईच्या डोळ्यांसमोर 'ती'. 'ती'ला दोन मुलं होती, अधूनमधून येणारी सासू होती, बुधवारी-शुक्रवारी बाजार होता.

"मिक्सर कुठे लावणार ती?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"ओट्यावर."

"ओट्यावर कुठे?"

"अगं आई, आठ फुटांचा ओटा आहे!"

पहिल्यांदा गेलो एका एसी शोरूममध्ये. तिथल्या मुलीनं कॉफी दिली, संगणकावर आमचं किचन फिरवून फिरवून दाखवलं. त्यात एक फुलदाणी होती आणि खिडकीबाहेर डोंगर होता. आमच्या खिडकीबाहेर शेजारच्या विंगचे ड्रेनेजचे पाइप आहेत. एक लाख पंच्याऐंशी हजार, वर अठरा टक्के जीएसटी. भाडं येतं वीस हजार. म्हणजे मी अकरा महिने त्या फुलदाणीसाठी भाडं गोळा करणार. कॉफी चांगली होती.

मग प्लायचं दुकान. इथे मला ज्ञान झालं. साधा, कमर्शियल म्हणतात तो प्लाय एमआर ग्रेडचा. म्हणजे हवेतला दमटपणा सोसेल, पण सिंकखाली पाणी गळलं की फुगणार. त्याच्या वर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा. आणि सगळ्यात वर मरीन, सातशे दहा नंबरवाला.

"हा बहात्तर तास उकळला ना साहेब, तरी थर सुटत नाहीत," दुकानदार म्हणाला.

सातशे दहा हा भारतीय मानकाचा नंबर आणि ही उकळण्याची चाचणी खरीच आहे. पण बहात्तर तास! आमच्याकडे वालसुद्धा इतका वेळ कोणी शिजवलेला नाही. माझा भाडेकरू तर घरी चहाही करणार नव्हता, तो ओटा कशाला उकळेल? शिवाय त्या प्लायवर पंचवीस वर्षांची गॅरंटी आणि आमचा लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा. एवढ्या काळात सत्तावीस भाडेकरू होतील. मी एमआरकडे बोट दाखवलं. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे बीडब्ल्यूआरचा भाव विचारला आणि चालतच स्टेशनला आलो.

ट्रॉल्यांच्या दुकानात मात्र मी तयारीनं गेलो. स्टील दोन प्रकारचं, २०२ आणि ३०४. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. ते स्वस्त आणि लवकर गंजणारं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं, "लोहचुंबक लावून बघ." मी फ्रिजवरचा गणपती खिशातून काढला आणि ट्रॉलीला टेकवला. गणपती पडला. "बघा! तीनशे चार!" दुकानदार म्हणाला. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. रात्री वाचलं, तर २०२ लाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे परीक्षा पास झाला होता फक्त गणपती. आणि हो, त्या सेटमध्ये कपबशीची ट्रॉली असतेच. बशी कोण वापरतं हल्ली? आणि कॉफीचे मग त्या खोबणीत बसत नाहीत. पण कपबशीच्या ट्रॉलीशिवाय सेट मिळत नाही.

शेवटी मार्ग दाखवला तो एजंटनं. "सर, कडप्पा आहे ना आत? मग कशाला फोडता? ओटा तोच ठेवा, बाहेरून ॲल्युमिनियमची दारं लावा, दोन ट्रॉल्या टाका, वर नव्या टाइल्स. जाहिरातीत आपण मॉड्युलर लिहू." अठ्ठेचाळीस हजारांत काम. वाळवी ॲल्युमिनियम खात नाही आणि कडप्प्याला तर तिनं पस्तीस वर्षांत तोंड लावलं नव्हतं. वडिलांनी तेव्हा घासाघीस करून घेतलेला दगड असा कामाला आला.

सोसायटीचं थोडक्यात सांगतो: ठोकाठोक दहा ते एक आणि चार ते सहा, डेब्रिज गोणीत, गोणी जिन्यानं. घर तिसऱ्या मजल्यावर.

काम झालं. आई बघायला आली. दारं उघडली, ट्रॉल्या ओढल्या, कपबशीची ट्रॉली बघून खूश झाली. मग ओट्याशी उभी राहून म्हणाली, "छान झालंय रे. पण मिक्सर कुठे लावणार ती?"

"आई, प्लीज!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

पुढच्या आठवड्यात एजंट पार्टी घेऊन आला. तरुण जोडपं, दोन लहान मुलं. नवऱ्यानं बाथरूमचा नळ सोडून पाहिला. तिनं किचनमध्ये जाऊन टाइल्सवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "काका, मिक्सर कुठे लावायचा?"

मी भिंतीकडे पाहिलं. नव्याकोऱ्या टाइल्स, गुळगुळीत, सलग. मिस्त्रीला फोन लावला.

"वो पुराना बोर्ड? टाइल के पीछे है ना साहब. टेन्शन मत लो, वायर टेप करके रखा है."

बाहेर काढायचा तर चार टाइल्स फोडाव्या लागतील आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता दुकानात नाहीत. सध्या मुलुंडला चटणी हॉलमध्ये टीव्हीच्या पॉइंटवर वाटली जाते. भाडं एक तारखेला येतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.